फुप्फुसाच्या अस्तराचा कर्करोग आणि रसायनोपचार

माझ्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ आहेत. मुंबईच्या गोदींत जहाजांचे बॉयलर आणि वाफेचे नळ दुरुस्त करण्यांत त्यांचीं तीस वर्षें गेलीं. निवृत्त होऊनही आतां वीस वर्षें झालीं. व्यसन कसलें नाहीं. पहाटे फिरावयास जाण्याचा नेम कधीं चुकला नाहीं. गेल्या वर्षीं जिना चढतांना त्यांना धाप लागूं लागली, उजव्या कुशींत दुखूं लागलें. प्रथम तो वयाचा दोष वाटला. मग क्षयाची शंका आली. छातींतून दोन वेळां पाणी काढण्यांत आलें. आणि अखेरीस फुप्फुसावरणाचा लहानसा तुकडा तपासून डॉक्टरांनीं रोगाचें नांव सांगितलें: मेसोथेलिओमा. घरांत हें नांव कोणीं पूर्वीं ऐकलें नव्हतें. डॉक्टरांनीं रसायनोपचार सुचविला. त्या रात्रीं त्यांच्या कन्येनें मला विचारलें, "काका, हें औषध दिलें तर बाबा बरे होतील का?"

मी रसायनशास्त्राचा शिक्षक. वैद्यकाचा अधिकार माझा नव्हे. उपचाराच्या नांवांतच रसायन असल्यामुळें प्रश्न माझ्याकडे आला असावा. त्याचें प्रामाणिक उत्तर 'होय' असें नाहीं. परंतु 'नाहीं' एवढेंच म्हणून उठून जाण्यासारखेंही तें नाहीं. त्या रात्रीं जें सांगतांना मला शब्द अपुरे पडले, तें आज आपल्यापुढें क्रमानें मांडणार आहें.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊं. आपलें फुप्फुस छातीच्या पोकळींत नुसतें टांगलेलें नसतें. त्याच्यावर एक पातळ, गुळगुळीत पडदा असतो आणि बरगड्यांच्या आंतल्या अंगास त्याच पडद्याचा दुसरा पदर असतो. दोन पदरांच्या मध्यें किंचित् ओलावा असतो, म्हणून श्वासागणिक फुप्फुस फुगलें व मिटलें तरी तें कोठें घांसत नाहीं. असाच पडदा पोटांतील आंतड्यांभोंवतीं आणि हृदयाभोंवतींही असतो. या अस्तराच्या पेशींपासून उद्भवणारा कर्करोग तो मेसोथेलिओमा. फुप्फुसाच्या नेहमींच्या कर्करोगाहून हा निराळा आहे. तो बहुधा एका जागीं गांठीसारखा वाढत नाहीं. भिंतीवर ओल पसरावी तसा अस्तरभर पसरतो. पदरांमध्यें पाणी सांचतें. पुढें अस्तर जाड होऊन फुप्फुसाला चोहोंकडून आवळूं लागतें, आणि रोग्याला श्वास पुरत नाहीं.

या रोगाचें मुख्य कारण म्हणजे ॲस्बेस्टॉस. हें एक तंतुमय खनिज आहे. तें जळत नाहीं, उष्णता अडवितें, म्हणून बॉयलरला, वाफेच्या नळांना आणि जहाजांच्या यंत्रघरांना त्याचेंच वेष्टण घालीत असत. वेष्टण काढतांना वा कापतांना त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेंत उडतात व श्वासाबरोबर आंत जातात. शरीराला ते विरघळवितां येत नाहींत. ते अस्तरापर्यंत पोंचतात, तेथेंच राहतात आणि पेशींना वर्षानुवर्षें डिवचीत राहतात. तंतू आंत गेल्यापासून रोग दिसूं लागेपर्यंत बहुधा वीस ते पन्नास वर्षें लोटतात. म्हणूनच कारण आणि कार्य यांची सांगड घालण्यास जगाला इतका विलंब लागला. १९६० सालीं दक्षिण आफ्रिकेंतील वॅग्नर, स्लेग्ज आणि मार्शंड या तिघांनीं ३३ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्या देशाच्या केप प्रांतांत निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. एक रोगी सोडला तर बाकी सर्वांचा त्या ॲस्बेस्टॉसशीं संबंध आला असल्याचें आढळलें. त्यांतले कित्येक खाणींत कधीं उतरलेही नव्हते. केवळ खाणींच्या परिसरांत त्यांचें बालपण गेलें होतें.

आतां उपचाराकडे वळूं. गांठ एका जागीं असेल तर शस्त्रवैद्य ती कापून काढूं शकतो. परंतु भिंतीवरची ओल कोठवर गेली हें जसें डोळ्यांना कळत नाहीं, तसें या रोगांत अस्तराच्या शेवटच्या पेशीपर्यंत हात पोंचत नाहीं. सर्व छातीवर किरण सोडावेत, तर खालचें फुप्फुसच भाजून निघतें. म्हणून रक्ताबरोबर सर्वत्र जाईल असें औषध हवें. अशा औषधी रसायनांच्या उपचाराला 'केमोथेरपी' हें नांव पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञानें दिलें. १९१० सालीं उपदंशावर त्याचें साल्व्हर्सन हें औषध बाजारांत आलें तेव्हां कल्पना अशी होती कीं, औषधानें जंतूला मारावें आणि रोग्याला राखावें. जंतूच्या बाबतींत हें साधतें, कारण जंतू परका असतो. कर्करोगाची पेशी मात्र आपल्याच घरची असते. तिच्यांत आणि निरोगी पेशींत मोठा भेद एवढाच, कीं तिला केव्हां थांबावें तें कळत नाहीं. म्हणून या रोगावरचीं पुष्कळशीं औषधें, विभागत असलेल्या पेशीला गांठून मारणारीं आहेत. अडचण अशी, कीं अस्थिमज्जेंतील, तोंडाच्या व आंतड्याच्या अस्तरांतील आणि केसांच्या मुळांतील निरोगी पेशीही सतत विभागत असतात. रसायनोपचारांत रोग्याला जे क्लेश होतात त्यांचें मूळ येथें आहे.

मेसोथेलिओमावर आज जें औषध प्रामुख्यानें दिलें जातें त्याचें नांव पेमेट्रेक्सेड. त्याची कथा मला विशेष जवळची वाटते, कारण तिचा आरंभ आपल्या परळमध्यें होतो.

१९२८ सालच्या अखेरीस ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. येथील गरीब स्त्रियांना, आणि त्यांत गिरणीकामगार बायकाही होत्या, गरोदरपणीं एक घातक पांडुरोग होत असे. त्याचें कारण शोधण्याचें काम त्यांनीं परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्यें आरंभिलें. तो जंतूंचा रोग नसून आहारांतील कसल्यातरी उणिवेचा आहे, हें त्यांच्या ध्यानांत आलें. स्वस्तांत मिळणारा यीस्टचा अर्क या स्त्रियांना देऊन पाहतांच त्यांचें रक्त झपाट्यानें सुधारूं लागलें. १९३१ सालीं त्यांनीं हा शोध प्रसिद्ध केला. अर्कांतील तें अज्ञात द्रव्य पुढें १९४१ सालीं पालकाच्या पानांतून वेगळें करण्यांत आलें, आणि पानाच्या लॅटिन नांवावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हणूं लागले. पेशी दुभंगण्यापूर्वीं तिला आपल्या डीएनएची, म्हणजे आपल्या मूळ आज्ञापत्राची, दुसरी प्रत तयार करावी लागते. त्या लेखनाची शाई हें जीवनसत्त्व पुरवितें. तें नसेल तर रक्ताच्या नव्या पेशी नीट निपजत नाहींत आणि पांडुरोग होतो.

हें कळल्यावर उलटा विचार सुचणें स्वाभाविक होतें. ज्या शाईवांचून निरोगी पेशी अडते, तिच्यावांचून कर्करोगाची पेशीही अडेल काय? अमेरिकेंत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेंत आंध्रांतील भीमवरमचे सुपुत्र येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालीं फॉलिक ॲसिड कृत्रिम रीतीनें तयार झालें होतें. त्याच प्रयोगशाळेनें त्याच्यासारखींच दिसणारीं, पण काम अडविणारीं द्रव्यें बनविलीं. कुलपांत शिरावी पण फिरूं नये अशी खोटी किल्ली असते, तशीं हीं द्रव्यें. बॉस्टनचे डॉ. सिडने फार्बर यांनीं त्यांपैकीं अमिनॉप्टेरिन हें द्रव्य रक्ताच्या कर्करोगानें आजारी असलेल्या बालकांना दिलें. १९४८ सालीं त्यांनीं कळविलें कीं, १६ बालकांपैकीं १० बालकांत सुधारणा झाली. ती टिकली नाहीं. परंतु रसायनानें कर्करोग माघार घेतो, हें त्या दिवशीं सिद्ध झालें.

कथेचा पुढचा भाग फुलपाखरांचा आहे. एडवर्ड टेलर नांवाचा एक अमेरिकन विद्यार्थी १९४६ च्या सुमारास फॉलिक ॲसिडाविषयीं वाचीत होता. या जीवनसत्त्वाच्या रेणूंतील एक दुहेरी कडें त्याला विलक्षण वाटलें. तसलें कडें तोंपर्यंत फुलपाखरांच्या पंखांवरील रंगद्रव्यांत तेवढें आढळलें होतें. या आश्चर्यानें त्याचा पिच्छा सोडला नाहीं. पुढें प्रिन्स्टन विद्यापीठांत अध्यापक झाल्यावर त्यानें अशा अनेक रचना बनविल्या आणि इलाय लिली या कंपनीच्या शास्त्रज्ञांच्या साह्यानें पेमेट्रेक्सेड सिद्ध केलें. हें औषध एकच कुलूप अडवून थांबत नाहीं. डीएनएचीं अक्षरें घडविण्याच्या कामांतील तीन निरनिराळ्या विकरांना तें एकाच वेळीं रोखून धरतें.

त्याच्या जोडीला सिस्प्लॅटिन दिलें जातें. हें प्लॅटिनम धातूचें संयुग आहे. १९६५ सालीं मिशिगनमध्यें बार्नेट रोझेनबर्ग हे जंतूंवर विजेचा काय परिणाम होतो तें पाहत होते. जंतू विभागेनासे झाले. त्यांचे लांबच लांब धागे बनले. हा प्रताप विजेचा नसून, प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून झिरपलेल्या द्रव्याचा होता, हें त्यांनीं शोधून काढलें. सिस्प्लॅटिन डीएनएच्या धाग्यांना गांठी मारतें. एक औषध नवी प्रत लिहूं देत नाहीं, दुसरें मूळ प्रतीचींच पानें एकमेकांना चिकटवून टाकतें. अशी ही जोडी आहे.

या जोडीची परीक्षा झाली त्या वेळचा प्रसंग सांगण्याजोगा आहे. ४५६ रोग्यांवर हें परीक्षण झालें. निम्म्यांना दोन्हीं औषधें, निम्म्यांना एकटें सिस्प्लॅटिन. आरंभीं कांहीं रोगी रोगानें नव्हे तर औषधाच्या विषारी परिणामानेंच दगावले. चौकशीअंतीं दिसलें कीं, ज्यांच्या शरीरांत फॉलिक ॲसिडाची व बी-१२ जीवनसत्त्वाची तूट आहे त्यांनाच औषध अधिक बाधतें. मग उपाय काय? तींच जीवनसत्त्वें द्यावयाचीं. परंतु ज्या द्रव्याची वाट अडविण्यासाठीं औषध योजिलें तेंच द्रव्य रोग्याला चारावयाचें, म्हणजे एका हातानें आग विझवून दुसऱ्या हातानें तेल ओतण्यासारखें नव्हे काय? पुष्कळांना ही भीति वाटली. तरीही ११७ रोगी दाखल झाल्यानंतर सर्वांना जीवनसत्त्वें सुरू करण्यांत आलीं. विषबाधा स्पष्ट कमी झाली आणि औषधाचा गुण कमी झाला नाहीं. परळच्या गरोदर बायांना वांचविणाऱ्या द्रव्यानें पाऊणशें वर्षांच्या आंत मेसोथेलिओमाच्या रोग्यांना त्यांच्याच औषधापासून वांचविलें. आजही पेमेट्रेक्सेडपूर्वीं सात दिवस तरी फॉलिक ॲसिडची रोजची गोळी सुरू झालेली असते, आणि बी-१२ चें इंजेक्शन दिलेलें असतें. घरच्या माणसांनीं ही गोळी 'नुसतें टॉनिक' समजून चुकवूं नये, हें मीं मुद्दाम सांगावयास हवें.

आतां फळाचा हिशेब. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या परीक्षणांत एकट्या सिस्प्लॅटिनवर असलेल्यांचें मध्यक आयुष्य ९.३ महिने भरलें. जोडऔषधावर असलेल्यांचें १२.१ महिने. रोगाची वाढ निम्मी वा तत्सम प्रमाणांत आकसली असे रोगी एकीकडे शेंकडा १७, दुसरीकडे शेंकडा ४१. पुढच्याच वर्षीं, २००४ सालीं, अमेरिकेंत या औषधाला मान्यता मिळाली. तीन महिने ही वाढ ऐकून कोणी म्हणेल, एवढ्यासाठीं एवढा खटाटोप? परंतु धाप कमी होणें, वेदना उतरणें, पाणी पुनः पुनः न भरणें, हेंही त्याच पारड्यांत टाकावयाचें असतें.

मध्यक या शब्दाकडेही जरा नीट पाहिलें पाहिजे. सर्व रोगी आयुष्याच्या क्रमानें एका रांगेंत उभे केले तर अगदीं मधल्या मनुष्याचा जो आंकडा, तो मध्यक. निम्मे त्याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे. आणि पलीकडची रांग पुष्कळदां फार लांबवर गेलेली असते. स्टीफन जे गूल्ड या विख्यात अमेरिकन जीवशास्त्रज्ञांना १९८२ सालीं पोटाच्या अस्तराचा मेसोथेलिओमा झाला. ग्रंथालयांत जाऊन त्यांनीं वाचलें: मध्यक आयुष्य आठ महिने. आंकड्यांचे जाणकार असल्यामुळें ते खचले नाहींत. आपलें वय, रोग लौकर सांपडणें, उपचार उत्तम मिळणें, या सर्वांवरून आपली जागा रांगेच्या लांब शेपटींत असूं शकेल, असें त्यांनीं ताडलें. शस्त्रक्रिया, किरण व रसायनोपचार घेऊन ते वीस वर्षें जगले आणि २००२ सालीं निराळ्याच कर्करोगानें निवर्तले. प्रत्येकाचें असें होईल असें मी म्हणत नाहीं. परंतु आंकडा हा रांगेचा असतो, आपल्या मनुष्याचा नव्हे, एवढें त्यावरून समजावें.

येथें हेंही सांगितलें पाहिजे कीं, 'रसायनोपचार' म्हणजे कोणतेंही औषध नव्हे. २००८ सालीं ब्रिटनमधील ४०९ रोग्यांच्या परीक्षणांत पेमेट्रेक्सेडच्या आधींचीं जुनीं औषधें दिलीं, तेव्हां केवळ लक्षणांवर केलेल्या उत्तम उपचारापेक्षां आयुष्यांत निश्चित अशी वाढ दिसली नाहीं. उलट पोटाच्या अस्तरांत रोग असेल आणि रोगी सशक्त असेल तर शस्त्रक्रियेनें दिसेल तेवढा रोग काढून, त्याच वेळीं ऊन केलेलें औषध पोटांत फिरवितात. निवडक रोग्यांत त्याचा लाभ वर्षांनीं मोजण्याइतका होतो. छातीच्या रोगांत २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ६०५ रोग्यांच्या परीक्षणानें आणखी एक वाट दाखविली. रोगप्रतिकारशक्तीचे बांध सैल करणाऱ्या दोन औषधांवर मध्यक आयुष्य १८.१ महिने भरलें; रसायनोपचारावर १४.१. ज्या प्रकारांत पेशी लांबट असतात, त्या दुर्धर प्रकारांत हा फरक फारच मोठा होता. २०२४ सालीं अमेरिकेंत रसायनोपचार व अशा प्रकारचें एक औषध एकत्र देण्यासही मान्यता मिळाली. म्हणून तपासणींत रोगाचा प्रकार कोणता आला, हा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा.

उपचाराचें व्यवहारांतील रूप असें: दर २१ दिवसांनीं एक दिवस रुग्णालयांत जावयाचें. पेमेट्रेक्सेड दहा मिनिटांत शिरेंतून देऊन होतें. अर्ध्या तासानें सिस्प्लॅटिन, आणि मूत्रपिंडें संभाळण्यासाठीं भरपूर सलाइन. असे बहुधा चार ते सहा फेरे होतात. मूत्रपिंडें अधू असतील वा रोगी थकलेला असेल तर सिस्प्लॅटिनऐवजीं कार्बोप्लॅटिन देतात. मळमळ, थकवा, तोंड येणें, कानांत आवाज होणें, हातांपायांना मुंग्या येणें, हे त्रास होतात. केस बहुधा सर्व जात नाहींत, विरळ होतात. सर्वांत जपावयाचें तें पांढऱ्या रक्तपेशी उतरल्यावर येणाऱ्या तापाला. अशा रोग्याला १००.४ अंश ताप आला तर सकाळची वाट पाहूं नये; त्याच रात्रीं रुग्णालय गांठावें. अंगदुखीच्या गोळ्या, काढे वा दुसरें कोणतेंही औषध डॉक्टरांना न विचारतां देऊं नये. साध्या वाटणाऱ्या कित्येक वेदनाशामक गोळ्या पेमेट्रेक्सेडला शरीरांतून बाहेर जाऊं देत नाहींत. आणि रोगी अंथरुणाला खिळलेला असेल तर औषध न देणें हाही एक विचारपूर्वक उपचारच आहे. छातींतील पाणी काढून तें पुनः भरूं नये अशी व्यवस्था करणें, वेदना शमविणें, श्वास सुखाचा करणें, याला हार म्हणूं नये.

हें सर्व मीं त्या गृहस्थांना त्यांच्या कन्येदेखत सांगितलें. ते शांतपणें ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे बॉयलर नवा मिळणार नाहीं, पण आहे त्यांत वाफ राखतां येईल. देऊन पाहूं." त्यांचे चार फेरे झाले आहेत. दुसऱ्या फेऱ्यानंतर आठवडाभर त्यांना अन्न गोड लागलें नाहीं. पाणी मात्र पुनः भरलें नाहीं, आणि आतां ते एक जिना न थांबतां चढतात. पुढें काय होईल तें मी जाणत नाहीं, तेही विचारीत नाहींत.

परवां त्यांच्या कन्येनें मला दुसरा प्रश्न विचारला. "लहानपणीं बाबा कामावरून आले कीं त्यांचे कपडे मीच गॅलरींत झटकीत असें. मग माझें काय?" हा प्रश्न तिच्या मनांत इतके दिवस होता, आणि वडिलांचें चालूं असतांना तिनें तो तोंडांतून काढला नव्हता. मीं तिला खरें तेंच सांगितलें. कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकांना हा रोग झाल्याच्या नोंदी आहेत. परंतु ज्यांच्या श्वासांत तंतू गेले त्यांपैकीं बहुसंख्यांना हा रोग कधींच होत नाहीं. भीत बसूं नये. मात्र पुढें कधीं धाप लागली, कुशींत दुखलें वा छातींत पाणी झालें, तर हे कपडे झटकल्याची गोष्ट डॉक्टरांना आपण होऊन सांगावी. क्षयाच्या शंकेंत वांयां जाणारे महिने त्यानें वांचतील.

आणि आपल्यापैकीं ज्यांच्या घरावर वा गोठ्यावर ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे आहेत, त्यांनीं एवढें करावें: ते घांसूं नयेत, कोरडे कापूं नयेत, फोडूं नयेत, काढावयाचेच झाले तर जाणत्या माणसाकडून, पाणी मारून, अखंड उतरवून घ्यावेत, आणि त्या वेळीं लेंकरांना तेथून दूर ठेवावें. औषधानें या रोगांत महिने मिळतात, क्वचित् वर्षें मिळतात. तंतू श्वासांत न गेल्यास सबंध आयुष्य मिळतें.